लॉकेट विसरलेला प्रयोग

विंगेत बसणाऱ्याला नाटक धड दिसत नाही. नटांच्या पाठी दिसतात, टेबलाचा एक कोपरा दिसतो, समोरच्या विंगेत एन्ट्रीची वाट बघत पदर सारखा करणारी बाई दिसते. हशा मात्र तिथून फार स्वच्छ ऐकू येतो. काही वर्षं मी एका हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होते आणि त्या काळात मला एक खोड लागली. संहितेच्या वहीत, जिथे हशा आला तिथे समासात पेन्सिलीने रेघ मारायची. बारीक हशा, एक रेघ. दणदणीत, दोन. हशा यायला हवा होता आणि आला नाही, तर टिंब.

नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं, तीन अंकी, विनोदी. गोष्ट सांगण्यासारखी नवी नव्हती. बड्या घरचा एकुलता एक मुलगा, त्याच घरात काम करणारी मुलगी, दोघांचं चोरून चाललेलं प्रेम. मुलाची आई करारी, तिनं तोलामोलाचं स्थळ आधीच हेरून ठेवलेलं. जोडीला एक घरगडी, जो मोठे शब्द वापरायला जातो आणि दर वेळी चुकतो. तिसऱ्या अंकाच्या शेवटी त्या मुलीच्या गळ्यातलं लॉकेट उघडतं, आत एक जुना फोटो निघतो आणि कळतं की ती लहानपणी हरवलेली, याहूनही मोठ्या घराण्यातली लेक आहे. आई विरघळते, आशीर्वाद देते, पडदा.

दहाबारा प्रयोगांनंतर वही चाळताना लक्षात आलं, की माझ्या रेघा खोटं बोलतायत. हशा एका जागेवरून येत नव्हताच. घरगडी शब्द चुकला की पुढच्या रांगा हसायच्या. आईसाहेब पाहुण्याच्या बुटांवरून नजर फिरवत त्याची ऐपत जोखायच्या, तेव्हा पुढे शांतता असायची आणि मागची बाल्कनी फुटायची. मग मी रेघा बदलल्या. पुढच्यांसाठी आडवी, मागच्यांसाठी उभी. एकाच वाक्यावर दोन्ही पडून अधिकचं चिन्ह झालं, असं संबंध नाटकात तीनचार वेळाच व्हायचं.

समोरच्या विंगेत पडदा ओढणारे काका स्टुलावर बसलेले असत. त्यांच्यासाठी वहीत वेगळं चिन्ह नव्हतं, पण ठेवायला हवं होतं. घरगड्याच्या चुकांवर ते कधी हसले नाहीत. बुटांवर मात्र दर प्रयोगाला, जणू पहिल्यांदाच बघतायत असे हसायचे.

रंगभूमीला प्रेम आणि पायरी या दोन गोष्टी एका दावणीला बांधायला फार आवडतं, आणि त्याचं कारण मला विंगेतच कळलं. एरवी माणूस आपली पायरी झाकून वावरू शकतो. लग्नाचं बोलणं निघालं, की झाकता येत नाही. वय, उत्पन्न, घरदार, आईबाप, सगळं मोजून मांडावं लागतं आणि तेही गोड बोलत, प्रेमाच्या नावाखाली. बोलायचं एक आणि मोजायचं दुसरं, या फटीत विनोदी नाटककार पाचर ठोकतो. ऑस्कर वाइल्डने १८९५ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये ती फटच उघडून ठेवली आहे. लेडी ब्रॅकनेल भावी जावयाला बसवते आणि वही-पेन्सिल काढते. यादी तिची तयारच असते, आणि तिच्या ओळखीतली एक डचेसही हीच यादी वापरते. किती कमावतोस, घरं कुठे, आईवडील कोण. मुलगा सांगतो की आईवडील नाहीत, मी एका बॅगेत सापडलो, रेल्वे स्टेशनच्या सामानघरात. बाईंचा धक्का बघण्यासारखा असतो. पोर बॅगेत सापडलं याची कीव त्यांना शिवतही नाही. अडतं ते एवढ्यावर, की सामानघराशी सोयरीक जोडायची कशी.

हा प्रवेश वाचताना मला नेहमी वाटतं, की इथे कुणाचीही टिंगल केलेली नाही. बाई जे बोलते ते पुष्कळ घरांत बोललं जातं, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत आणि इतक्या चांगल्या भाषेत नाही.

पण माझा जीव ज्या नाटकावर आहे ते याच्याही आधीचं, ऑलिव्हर गोल्डस्मिथचं, १७७३ सालचं. 'शी स्टूप्स टू काँकर'. त्यातला मार्लो हा तरुण मला दुसऱ्याच पानावर ओळखीचा वाटला. हा गृहस्थ कामवाल्या मुलींशी बोलताना बेधडक असतो, फाजीलही. घरंदाज मुलगी समोर आली की जीभ टाळ्याला चिकटते. लग्नासाठी जिला बघायला आला आहे त्या केटशी तो इतका अडखळत बोलतो, की तिच्या चेहऱ्याकडे त्याने धड पाहिलेलंही नसतं. पुढे तीच केट साध्या पोशाखात दिसते. कुणीतरी थट्टेने त्याला त्या घराचा पत्ता सराईचा म्हणून दिलेला असतो, त्यामुळे तो तिला सराईतली मुलगी समजतो आणि एकदम सरसावतो. केट ते ओळखते आणि तशीच राहते.

आता यात हसण्यासारखं काय आहे? प्रेमात पडलेला माणूस आंधळा असतो, हा विनोद तर शिळा झालेला. इथे मार्लोचे डोळे शाबूत आहेत, त्याला कपडे दिसतात. तीच मुलगी, तोच आवाज. कपडे बदलले की त्याची हिंमत बदलते, नीती बदलते, व्याकरणसुद्धा बदलतं. मोठ्या घरच्या मुलीपुढे बोबडी वळणं हे सभ्यतेचं लक्षण मानलं जातं आणि खालच्या मानलेल्या मुलीशी सलगी हे तरुणपणाचं. गोल्डस्मिथने दोन्ही एकाच माणसात, एकाच मुलीसमोर घडवून आणलं. नाटकात असं काही बघितलं की पुढच्या रांगांतल्या काही पुरुषांचं खाकरणं वाढतं. आमच्याकडे वाढायचं.

पुढचा प्रवेश अधिक बारीक आहे. केट त्याला सांगते, मी या घरची गरीब नातेवाईक आहे. तो विरघळतो, पण म्हणतो की जन्म, पैसा आणि शिक्षण यांतलं अंतर इतकं आहे की सन्मानाने काही जुळणं शक्य नाही. प्रेम आहे असं म्हणतो आणि निघतोही. शेवटच्या अंकात तो हे ओलांडतो, गरीब म्हणूनच तिचा हात मागतो, आणि तिचं खरं घर त्याला त्यानंतर कळतं. म्हणून मी मार्लोला पुष्कळ माफ करते. फक्त एक गोष्ट खटकत राहते. केट श्रीमंत आहे हे आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, पहिल्यापासून ठाऊक असतं. त्यामुळे मार्लोच्या धाडसाला टाळ्या देताना आपल्या खिशाला काही तोशीस पडत नाही. ती खरोखरच सराईतली मुलगी असती तर तेवढ्याच टाळ्या पडल्या असत्या का, हे नाटक विचारत नाही. गोल्डस्मिथ हुशार होता, त्याला पुढचा प्रयोगही लावायचा होता.

आपल्याकडे याची मुळं फार खोल गेली आहेत. शूद्रकाच्या नावावर असलेल्या 'मृच्छकटिका'त शकार आहे, राजाचा मेव्हणा. एवढीच त्याची लायकी आणि एवढीच मिरवणूक. पहिल्याच अंकात तो अंधाऱ्या रस्त्यावर नायिकेचा, वसंतसेनेचा पाठलाग करतो, आणि पाठलाग करता करता तिच्यावर छाप पाडायला पुराणांतल्या उपमा देतो. रामाला घाबरून द्रौपदी पळावी तशी तू पळतेस, म्हणतो. रावणाच्या हाती कुंती लागावी तशी माझ्या हाती लागलीस, म्हणतो. फुलांचा वास त्याला ऐकू येतो आणि नाकात अंधार भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज दिसत नाही! 'स'च्या जागी 'श' म्हणणारी त्याची बोली वेगळीच. संस्कृत नाटकात वरच्या पायरीवरचे पुरुष संस्कृत बोलतात, बहुतेक बायका आणि नोकरचाकर प्राकृत. राजाचा मेव्हणा वरच्या पायरीवर बसलेला असूनही त्याच्या तोंडी नाटककाराने दिली ती सगळ्यांत वेडीवाकडी प्राकृत. आमच्या घरगड्याच्या चुका आणि शकाराच्या चुका, कागदावर बघितलं तर एकाच जातीच्या. मोठा शब्द, चुकीची जागा. फरक एवढाच की शकार चुकतो तेव्हा त्याच्यामागे राजवाडा उभा असतो, आणि त्या अडाण्याची मर्जी फिरली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. पुढे तो वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर घालतो. हसता हसता घशात काहीतरी अडकतं. घरगडी चुकला तर त्याची नोकरी जाईल, यापलीकडे काय होणार होतं?

त्याच नाटकात विदूषक मैत्रेय तिसऱ्या अंकात म्हणतो, की मला दोन गोष्टींचं हसू येतं. बाईमाणूस संस्कृत वाचायला लागतं त्याचं, आणि पुरुष बारीक आवाजात गातो त्याचं. हे म्हणणारा मैत्रेय जातीने ब्राह्मण, आणि स्वतः बोलतो प्राकृत. नाटककार मैत्रेयाच्या बाजूने होता की मैत्रेयालाच हसत होता, हे मला ठरवता आलेलं नाही. कदाचित पुढच्या रांगांसाठी एक अर्थ आणि मागच्यांसाठी दुसरा. वसंतसेना गणिका पण गडगंज, चारुदत्त कुलीन पण कफल्लक, म्हणजे पैसा एका पायरीवर आणि कूळ दुसऱ्या. शेवटी राज्य उलथतं, नवा राजा येतो आणि वसंतसेनेला 'वधू' हा दर्जा बहाल करतो. राजाज्ञेने. (चारुदत्ताला आधीची बायको आहे, धूता नावाची. तिचा या सगळ्यात कितीसा विचार होतो, ते सोडूनच द्या.)

भाषा चुकली म्हणून हसायचं की भाषेवरून माणूस जोखणाऱ्याला हसायचं, हा प्रश्न बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन'मध्ये आणखी ताणला. लंडनमध्ये ते १९१४ साली आलं. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चार शिकवून उमराव बाई म्हणून खपवायची एका प्राध्यापकाची पैज. पुलंनी ते १९७५ मध्ये 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणलं आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांच्या बोलण्यात ती अजून येते. अशा नाटकात सुरुवातीला सगळं सभागृह मुलीच्या उच्चारांना हसतं. मध्यंतरानंतर ती शुद्ध बोलू लागते, पण शुद्ध उच्चारांत आपल्या वस्तीतल्या गोष्टी सांगते, आणि हसू हळूच जागा बदलतं. आता हसायला येतं ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, म्हणजे आपल्यासारख्यांवर. हे वळण कुठल्या वाक्यावर येतं ते टिपायला मला वहीसकट त्या विंगेत बसायला आवडलं असतं.

शॉची खरी मारामारी झाली ती शेवटावरून. प्राध्यापक आणि फुलवाली यांचं जमत नाही, असं त्याचं नाटक म्हणत होतं. लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक झालेल्या बीअरबोम ट्रीने पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकून प्रेक्षकांना हवं ते देऊन टाकलं, आणि शॉ संतापला. पुढे पुस्तक छापताना त्याने लांबलचक उपसंहारच जोडला आणि सांगितलं, की ती तिच्यावर भाळलेल्या त्या बावळट फ्रेडीशी लग्न करते, बस्स. नाटककाराला स्वतःचं नाटक असं दार लावून, कडी घालून जपावं लागतं, याचं मला हसूही येतं आणि दयाही. त्याच नाटकात मुलीच्या बापाचीही एक गंमत आहे. बाप कचरा उचलणारा, बिनधास्त. अचानक त्याला मोठी वार्षिक रक्कम मिळू लागते आणि प्रतिष्ठित झाल्यामुळे बिचाऱ्याला, जिच्याबरोबर इतके दिवस मजेत राहिला, तिच्याशी रीतसर लग्न करावं लागतं. शिक्षा झाल्यासारखा चेहरा करून तो चर्चला निघतो. पायरी चढल्यावर प्रेमाचं काय होतं, याचं याहून थोडक्यात उत्तर मी वाचलेलं नाही.

फ्रेंच नाटककार मोलिएरचा जूर्दॅं, १६७० सालचा, कापडवाल्याचा मुलगा आणि उमराव व्हायला निघालेला. मुलीचा हात मागणाऱ्या तरुणाला तो विचारतो, तू उमराव आहेस का. तरुण खरं सांगतो, नाही. जूर्दॅं नकार देतो. मग तोच तरुण तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलगा बनून, न कळणारी भाषा बोलत येतो आणि होकार घेऊन जातो. आणि 'मोरूची मावशी'बद्दल काय सांगायचं? अत्र्यांनी ते ज्यावरून घेतलं ते 'चार्लीज आंट' १८९२ चं. त्यात पैसेवाल्या विधवेच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्यांना ती बाई नसून पुरुष आहे हेही दिसत नाही. पैशाने नजर जाते, एवढंच ते नाटक सांगतं आणि सांगताना धमाल करतं. त्यात खोल बघायला जाऊ नये.

तर लॉकेट. ही युक्ती आमच्या लेखकाची नव्हे, फार पुराणी. ग्रीक नाटककार मिनॅन्डर, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याच्या एका नाटकात टाकून दिलेलं मूल आणि त्याच्याबरोबरच्या खुणेच्या वस्तू यांवरून एक धनगर आणि एक कोळसे पाडणारा भांडतात, आणि निवाड्यासाठी वाटेतल्या ज्या म्हाताऱ्याला थांबवतात, तो नकळत त्या मुलाचाच आजोबा असतो. अंगठी, ताईत, गळ्यातला दागिना. वस्तू सापडली की कूळ सापडतं, कूळ सापडलं की लग्न लागतं. कालिदासाचं 'अभिज्ञानशाकुंतल' विनोदी नाही, पण अंगठी तिथेही आहे, आणि 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण, हा शब्द तर नावातच आहे. वाइल्डने याच युक्तीची टर उडवली. त्याच्या नाटकात खुणेची वस्तू म्हणजे ती बॅगच, आणि शेवटी मुलगा लेडी ब्रॅकनेलच्या सख्ख्या बहिणीचा निघतो. सगळा अंतरायच बनावट होता म्हणून सगळे खूश.

दोन अंक पायऱ्यांची यथेच्छ थट्टा करायची आणि तिसऱ्यात मुलगी आधीपासून वरच्याच पायरीवर होती असं सांगून सगळ्यांना घरी पाठवायचं. ही लबाडी मला प्रॉम्प्टर असताना खुपायची. एकदा तालमीनंतर मी लेखकाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मग काय, आईनं मोलकरणीला सून करून घ्यायची? कोण विश्वास ठेवेल?" मी गप्प बसले. लोक हरवलेल्या लेकीवर आणि वीस वर्षं टिकलेल्या फोटोवर विश्वास ठेवत होतेच की.

त्या रात्री प्रयोग चांगला चालला होता. तिसरा अंक, शेवटचा प्रवेश. आईसाहेब मुलीला घराबाहेर काढतायत, मुलगा मध्ये पडतो, मुलगी रडत गळ्याशी हात नेते. तिथून पुढे तिचं वाक्य होतं, "जाते मी, फक्त एवढी एक आठवण..." हात गळ्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. लॉकेट नव्हतं. दुसऱ्या अंकानंतर कपडे बदलताना काढलं होतं ते मेकअपच्या टेबलावर राहिलं. मी विंगेतून तिचं वाक्य पुटपुटले, तिला ते ऐकू आलं, पण वाक्याचा काय उपयोग? ती हात तसाच धरून उभी. आईसाहेब बघतायत. मला वाटतं पाचसहा सेकंदं गेली असतील, रंगमंचावर तेवढ्यात ऋतू बदलतो.

मुलाचं काम करणारा आमचा नट एरवी संहितेबाहेर श्वाससुद्धा न घेणारा. त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"राहू दे. नसेल तर नसेल. लग्न तर करायचंच आहे."

आधी बाल्कनी. मग पुढच्या रांगा. मग टाळ्या, आणि टाळ्यांवर पुन्हा हशा. आमच्या सगळ्या प्रयोगांत इतका हशा आला नव्हता. आईसाहेबांना पुढे काय बोलावं सुचेना, त्यांनी कपाळाला हात लावून खुर्चीत बसकण मारली, त्यावर आणखी हशा. समोरच्या विंगेत काकांनी दोर हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पडदा असा झरकन ओढला, की नंतर दिग्दर्शक म्हणाला, तुम्ही ठरवूनच केलंत.

तो चिडला होताच. मेकअपच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं. प्रॉपर्टी बघणाऱ्या मुलाला फैलावर घेतलं, मलाही. नाटक अर्धवट राहिलं, फोटोचा उलगडा झाला नाही, लोकांना काही कळलं नसेल. बाहेर पॅसेजमध्ये लोक जाता जाता ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होते, त्याचा आवाज दाराच्या फटीतून आत येत होता. कुणीही त्याला काही म्हटलं नाही.

पुढच्या प्रयोगाला लॉकेट मुलीच्या गळ्यात होतं, काळ्या दोऱ्यात ओवून, मागे दोन गाठी मारलेलं. ते वेळेवर उघडलं. फोटो निघाला, आईसाहेब विरघळल्या. वहीत मी त्या जागी एक आडवी रेघ मारली, बारीक. मान वर केली तर समोरच्या विंगेतून काका माझ्याकडेच बघत होते. दोर एका हातात, आणि दुसऱ्या हाताने गळ्यापाशी खूण करून ते विचारत होते, सापडलं का?

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी पडदा ओढला.